रक्ताचे फोटो, रस्त्याचे फोटो

रस्त्यावर अपघात झाला की पहिल्या पाच मिनिटांत चार-दोन मोबाइल बाहेर निघतातच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पुढे यातली काही प्रकरणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे येतात, आणि अर्जासोबत लावलेले फोटो बहुधा एकाच जातीचे असतात: चेंदामेंदा झालेली दुचाकी, डांबरावरचे रक्त, बँडेजमध्ये गुंडाळलेला चेहरा. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. अर्जदाराला वाटते, आता याहून मोठा पुरावा तो कोणता? माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात फोटो किती भयानक आहे याला फारशी किंमत नसते. तो कोणत्या वादग्रस्त प्रश्नाचे उत्तर देतो याला असते. जखम झाली हे विमा कंपनी सहसा नाकारतच नाही. ती नाकारते ते वेगळेच: चूक आमच्या चालकाची नव्हती, अपघात या वाहनाने झालाच नाही, आणि झाला असला तरी माणूस आता ठणठणीत बरा आहे. रक्ताचा फोटो या तिन्ही प्रश्नांपुढे गप्प असतो.

सगळ्यात कंटाळवाण्या फोटोपासून सुरुवात करू. धडक देणाऱ्या वाहनाची नंबर प्लेट. वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागलाच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली ठरावीक रक्कम मिळते: मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये. तेच वाहन सापडले, त्याचा विमा चालू निघाला आणि चालकाची चूक शाबीत झाली, तर कलम १६६ खालच्या दाव्याला अशी मर्यादा नाही. तरुण कमावत्या माणसाच्या बाबतीत ती रक्कम कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे एका अंधुक, तिरक्या, पण आकडे वाचता येतील अशा फोटोवर एखाद्या घराची पुढची वीस वर्षे अवलंबून राहू शकतात. वाहन सापडले तरी वाद संपत नाही. विम्याचे दुसरेच वाहन मागाहून ‘बसवले’, असा बचाव कंपन्या घेतात, आणि तो दर वेळी खोटा असतो असेही नाही. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले होते. अशा संशयाच्या वातावरणात खऱ्या जखमीला सावरून धरतो तो दोन्ही वाहने, नंबर आणि रस्त्यावरची एखादी कायमची खूण एकाच चौकटीत पकडणारा फोटो.

कायमची खूण म्हणजे किलोमीटरचा दगड, विजेचा क्रमांकित खांब, पुलाचा कठडा, दुकानाची पाटी. नुसत्या गाडीचा फोटो कुठेही काढलेला असू शकतो. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात रात्री नेहमी घडणारा प्रसंग घ्या: उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल रिफ्लेक्टर, आणि त्यावर मागून आदळलेला दुचाकीस्वार. मागून धडकला म्हणजे चूक मागच्याची, हा कंपनीचा पहिला युक्तिवाद ठरलेला. इथे उपयोगी पडणारा फोटो दुचाकीचा नाहीच. तो ट्रॉलीच्या मागच्या फळ्यांचा आहे: रिफ्लेक्टर आहे का, असला तर चिखलाने माखला आहे का, उसाची टोके फळ्यांबाहेर किती आली आहेत, ट्रॉलीचे चाक साइडपट्टीवर आहे की डांबरावर. दुसऱ्या दिवशी ट्रॉली कारखान्यावर रिकामी होते, आणि एखादा हुशार मालक तिच्यावर नवा कोरा रिफ्लेक्टर चिकटवून ठेवतो. दिवा-खुणेशिवाय हमरस्त्याच्या मधोमध सोडलेल्या ट्रेलरवर रात्री मोटार आदळली, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मोटारचालकावर टाकलेला निम्म्या चुकीचा ठपका पुसून टाकला. ठपका पुसला जाण्यासाठी आधी दिवा नव्हता हे दिसायला हवे.

रस्त्यावरच्या खुणांचे आयुष्य तर त्याहून कमी. धडकेच्या क्षणी मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल गळून पडतो. तो ढिगारा जिथे दिसतो, तिथे किंवा त्याच्या अगदी जवळ धडक झालेली असते. काचेचा सडा पुढे उडतो, म्हणून काचेवरून नेमकी जागा ठरवणे फसवे. लोखंड डांबरात घुसून पडलेली चर बरेच दिवस टिकते, टायरच्या घसरणीचे काळे पट्टे वाहतूक आणि पाऊस पुसून टाकतात. या पट्ट्यांची लांबी नीट मोजता आली तर वेगाचा अंदाज बांधता येतो. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर २० मीटर घसरून थांबलेल्या मोटारीचा वेग घसरणीच्या सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरच्या आसपास निघतो. घसरण पुरी होण्याआधीच धडक झाली असेल तर वेग त्याहून जास्त. एबीएस असलेल्या गाड्यांचे पट्टे पुसट असतात, ओल्या रस्त्यावर घर्षण घटते, म्हणून हा आकडा अंदाजच राहतो. पण अंदाजासाठीही लांबी हवी, आणि लांबीसाठी फोटोत माप हवे. टेप नसला तरी मापे आजूबाजूला असतातच. मोटारीची लांब नंबर प्लेट ५०० गुणिले १२० मिलिमीटर असते, दुचाकीची २०० गुणिले १००. दुपदरी महामार्गाची डांबरी रुंदी साधारण ७ मीटर. यातले काहीतरी चौकटीत आले की तज्ज्ञ मागाहून हिशेब करू शकतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे काम पोलिसांचे. पंचनामा असताना नागरिकाने कशाला धडपडावे? कायदा पाहिला तर आक्षेप बिनतोड वाटतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार तपासी अंमलदाराने घटनास्थळाचे आणि वाहनांचे फोटो किंवा व्हिडिओ काढायचे, रस्त्याची रुंदी व वाहनांच्या जागा दाखवणारा प्रमाणबद्ध नकाशा करायचा, जखमींचे रुग्णालयात जाऊन फोटो घ्यायचे, ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा. त्याच वर्षी डिसेंबरात गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या अपघात नोंदणी प्रणालीत पोलिसांनी जागेवरूनच फोटो चढवायचे असतात, आणि ज्या सहा राज्यांत ती आधी सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता.

व्यवस्था चांगली आहे. अडचण वेळेची आहे. पोलीस पोहोचेपर्यंत जखमी हलवलेले असतात, आणि ते योग्यच. वाहतूक तुंबली म्हणून क्रेनने किंवा दहा जणांनी मिळून गाड्या कडेला ओढलेल्या असतात. पंचनामा प्रत्यक्षात होतो तो अनेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, पंच कोणीतरी दाखवील ती जागा पाहतात, आणि कागदावर उतरते ती ठरावीक भाषा: रस्ता पूर्व-पश्चिम, डांबरी, दोन्ही बाजूंस कच्ची साइडपट्टी, अमुक अंतरावर काचेचे तुकडे पडलेले. अंतर पावलांनी मोजलेले असते. उलटतपासणीत पंच म्हणतो, सही माझी, मजकूर पोलिसांनी लिहिला. अशा वेळी गाड्या हलवण्यापूर्वी कोणा वाटसरूने काढलेला एक रुंद फोटो पंचनाम्याची जागा घेत नाही, पण पंचनाम्यातली ‘पश्चिमेस’ खरोखर पश्चिम होती की नाही हे ठरवतो. दोन्ही जुळले तर कंपनीच्या वकिलाला बोलायला फारसे उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो फोटोवर भाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. अपघातानंतर वाहने कुठे थांबली यावरून चूक कोणाची हे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जिजू कुरुविला प्रकरणात २०१३ मध्ये हेच सांगितले: घटनास्थळाच्या नोंदीत दिसणारी वाहनांची अंतिम जागा हा कोणा एकाच्या निष्काळजीपणाचा भक्कम पुरावा नव्हे. धडकेनंतर गाडी फिरते, घरंगळते, दुभाजकावर आपटून उलटी येते. आपल्या बाजूने चाललेली गाडी विरुद्ध बाजूला जाऊन थांबू शकते. म्हणून एकच ‘शेवटचा’ फोटो घेऊन न्यायाधिकरणात जाणे धोक्याचे. त्या फोटोला चिखलाचा ढिगारा, चर, टायरचे पट्टे आणि दोन्ही गाड्यांवरच्या मारांची उंची यांची जोड लागते. कॅमेराही निष्पाप नसतो. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यात जवळचे मोठे आणि लांबचे फारच लांब दिसते. ‘एवढे अंतर होते, मग ब्रेक का नाही लावला?’ हा प्रश्न अशा फोटोतूनच जन्मतो. त्याहून मोठी फसवणूक नाइट मोडची. मोबाइल एकामागून एक अनेक चौकटी टिपतो, त्या एकत्र करतो, आणि डोळ्याला काळाकुट्ट दिसणारा रस्ता चांदण्यासारखा उजळवून देतो. उसाच्या ट्रॉलीच्या प्रकरणात असा फोटो जखमीच्याच मुळावर येईल, कारण त्यात ट्रॉली ठळक दिसते. रात्री हा मोड बंद ठेवून एक फोटो घ्यावा, आणि एक फ्लॅश टाकून; रिफ्लेक्टर असेल तर फ्लॅशमध्ये तो चमकतो, नसेल तर चमकत नाही.

फोटो फसवतो म्हणून तो टाकून द्यावा असा याचा अर्थ नाही. न्यायाधिकरणाला फौजदारी खटल्याइतकी निःसंशय खात्री लागत नाही. कोणती बाजू अधिक संभाव्य एवढेच पाहायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. साक्षीदाराची स्मृतीही फसवते, आणि तीन-चार वर्षांनी जबाब होतो तेव्हा तर जास्तच. निदान फोटोची फसवणूक कशी होते हे ठाऊक असते आणि ती दुरुस्त करता येते.

आता जखमेकडे. इथे लोकांची चूक वेळेची असते: सगळे फोटो पहिल्या दिवशी, नंतर एकही नाही. मुका मार पहिल्या दिवशी दिसतच नाही अशी पुष्कळ प्रकरणे असतात. रक्त त्वचेखाली पसरून वर यायला दोन-तीन दिवस लागतात. मांडीवरचा मार गुडघ्याशी उमटतो. मात्र नीळ पाहून तिचे वय सांगण्याचा मोह टाळावा. पिवळी छटा साधारण १८ तासांपूर्वी येत नाही, एवढेच अभ्यासातून ठामपणे निघाले आहे; बाकी रंग माणसागणिक, त्वचेगणिक आणि फोटोतल्या प्रकाशागणिक बदलतात. म्हणून तारीखवार मालिका हवी. प्रत्येक वेळी तीन अंतरांवरून: एकात चेहऱ्यासह पूर्ण माणूस, म्हणजे पाय कोणाचा हा वाद नको, दुसऱ्यात तो अवयव, तिसऱ्यात जखम जवळून, शेजारी त्वचेच्या पातळीत धरलेली पट्टी. पट्टी नसेल तर दहा रुपयांचे नाणे चालते, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. एक फोटो मापाशिवायही घ्यावा, नाहीतर नाण्याखाली काय झाकले असा प्रश्न येतो. समोरून फ्लॅश मारला की व्रण सपाट दिसतो. खिडकीचा तिरका प्रकाश त्याची खोली दाखवतो. फिल्टर, सौंदर्य मोड, उजळवणे यांना इथे सक्त मज्जाव.

हे सगळे वैद्यकीय कागदांना पर्याय नव्हे. पण वैद्यकीय चित्रांचा इतिहास पाहिला तर तेही याच वाटेने आले. राँटगेनने क्ष-किरण १८९५ च्या अखेरीस शोधले, आणि वर्षभरात, डिसेंबर १८९६ मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या न्यायालयात मांडीच्या हाडाचे क्ष-किरण चित्र पुरावा म्हणून पुढे आले. हरकत अशी की आतले हाड कोणी डोळ्यांनी पाहिलेलेच नाही, मग हे चित्र खरे आहे असे शपथेवर सांगणार कोण? न्यायाधीशांनी चित्र कसे काढले हे समजून घेतले आणि ते स्वीकारले. तंत्र नवे असो की जुने, चित्रामागे ते काढणारा माणूस उभा राहिला की ते पुराव्यात येते, ही रीत तेव्हापासूनची.

जखमेच्या मालिकेला खरी किंमत येते ती भरपाईचा हिशेब सुरू झाल्यावर. भरपाईतला मोठा वाटा भविष्यात बुडणाऱ्या कमाईचा असतो, आणि ती अवयवाच्या टक्क्यांवर ठरत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या माणसाचे उदाहरण दिले: प्रमाणपत्रावर अपंगत्व साठ टक्के असेल, पण तो चालक किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी कदाचित शाबूत राहील. मग फोटो कशाचा हवा? व्रणाचा हवाच. पण त्याहून, सहा महिन्यांनीही उकिडवे बसता न येणाऱ्या शेतमजुराचा, एसटीची पहिली पायरी चढताना दांडीला लटकणाऱ्या बाईचा, हातोडी धरल्यावर न मिटणाऱ्या मुठीचा. इथे छोटा, न कापलेला व्हिडिओ उत्तम. कागदावरचे ‘गुडघा ९० अंशांपर्यंत वाकतो’ हे वाक्य वाचून काही उमगत नाही. भारतीय शौचालयात त्या गुडघ्याने कसे बसायचे हे दिसले की उमगते. अर्थात अभिनय करू नये. कंपनीकडेही लोकांच्या समाजमाध्यमांवरचे फोटो असतात, आणि हळदीत नाचणारा अर्जदार उलटतपासणीत फार लवकर सापडतो.

खरे फोटोही आपल्यावर उलटू शकतात ना, हा पुढचा आक्षेप. दुचाकीवर तिघे बसलेले होते, हेल्मेट नव्हते, हे फोटोत आले तर? येऊ द्यावे. तिघे बसले होते एवढ्यावरून जखमीची चूक धरता येत नाही. त्या बसण्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिक प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. दडवलेला फोटो मात्र नंतर बाहेर आला तर बाकीच्या खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. निवडक फोटो देण्यापेक्षा सगळे द्यावेत, असे माझे मत.

राहिला माणुसकीचा आक्षेप: माणूस विव्हळतोय आणि तुम्ही कोन शोधताय? या आक्षेपाला उत्तर नाही, त्याच्यापुढे मान तुकवायची. कायद्याचा क्रमही तोच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकावर पहिले कर्तव्य टाकते ते जखमीला उपचार मिळवून देण्याचे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ मदत करणाऱ्या वाटसरूला दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते. या लेखात सांगितलेला जवळपास एकही फोटो जखमीच्या तोंडावर कॅमेरा धरून काढायचा नाही. रस्ता, ट्रॉली, चिखल, नंबर प्लेट यांचे फोटो रुग्णवाहिका निघून गेल्यावरच्या दोन मिनिटांत निघतात. ज्या फोटोंसाठी माणुसकी सोडावी लागते, तेच दाव्यात सगळ्यात निरुपयोगी असतात. ते गावच्या ग्रुपवर फिरवणे तर नुसती विटंबना.

आणि ग्रुपवर फिरवल्याने पुरावाही बिघडतो. मूळ फोटोच्या फाइलमध्ये वेळ, मोबाइलचे मॉडेल, सुरू असल्यास ठिकाण नोंदलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवताच फोटो दाबून लहान होतो, यातली बहुतेक नोंद गळते आणि फाइलला नवे नाव मिळते. पुराव्याचा कायदा याबाबत कडक आहे, आणि त्यातला महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र दुपारी ३ ची वेळ टळल्यावर दाखल झाले, हे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून दाखवायचे होते. चित्रणाच्या प्रतीसाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रतीसोबत प्रमाणपत्र बंधनकारकच. मात्र मूळ उपकरणच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ते प्रमाणपत्र दोन भागांचे केले, एक फोटो देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिची संगणकाने काढलेली आकडी ओळख, लिहायला लावले. फोटोतला एक ठिपका बदलला तरी हे मूल्य बदलते. न्यायाधिकरण संक्षिप्त पद्धतीने चालते, पुराव्याचे तांत्रिक नियम तिथे सैल असतात हे खरे. पण कृत्रिम बुद्धिमत्तेने हवा तो फोटो घडवता येणाऱ्या काळात हरकत येणारच, आणि ती आली की ‘हा फोटो मी काढला, या मोबाइलने, या जागी उभा राहून’ असे सांगणारा माणूसच कामी येतो.

म्हणून वाटसरूने फोटो काढले असतील तर त्याचे नाव आणि नंबर, तो राजी असेल तर, त्याच दिवशी लिहून घ्या. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची मुदत पुन्हा आणली आहे, तेव्हा वकिलाकडे जाण्यासाठी प्लॅस्टर निघण्याची वाट पाहू नका. आणि अर्ज दाखल झाल्यावर निकाल लागेपर्यंत ज्या मोबाइलने फोटो काढले तो एक्सचेंजमध्ये देऊ नका.